भूमिकाभिनय : शिक्षणाचे साधन आणि परीक्षेची कसोटी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात एका निवृत्त परिचर्या-अध्यापिकेने दिलेले व्याख्यान)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम बराच अनमान केला. माझे सारे आयुष्य परिचारिकांना शिकविण्यात गेले. आमच्या व्यवसायात हात फार चालतात आणि वाणी जपून वापरावी लागते. त्यामुळे व्यासपीठाची सवय नाही. परंतु ज्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर माझे शिक्षण झाले तिची आज्ञा मोडणे मला शक्य नव्हते. विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले. मी ‘भूमिकाभिनय’ असे उत्तर दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला : “मग आपले भाषण आजच्याऐवजी नाट्यस्पर्धेच्या बक्षीस समारंभाला ठेवू का?”

हा गैरसमज त्यांच्या एकट्याचा नव्हे. ‘अभिनय’ हा शब्दच मुळी फसवा आहे. मी ज्याविषयी बोलणार आहे त्यात रंगभूषा नाही, पाठ केलेली भाषणे नाहीत, टाळ्याही नाहीत. विद्यार्थ्याला एक प्रसंग द्यावयाचा, त्या प्रसंगातील एका माणसाची जागा द्यावयाची, आणि ‘आता तू या ठिकाणी काय बोलशील, काय करशील ते बोलून व करून दाखव’ असे सांगावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. नटाने आपले बोलणे आधी ठरविलेले असते. येथे विद्यार्थ्याला समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसते. साऱ्या शिक्षणाचे मर्म या न ठाऊक असण्यात आहे.

ही कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे मात्र मला वाटत नाही. भातुकली मांडून बसलेली पाच वर्षांची मुलगी बाहुलीला जे रागावते ते ऐकताना तिच्या आईला आपण दिवसभर कशा बोलतो याचे साक्षात दर्शन घडते. शिपायाच्या वेषात दाराशी येऊन वॉरंटाचा कागद नाचविणारा बहुरूपी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. हे सोंग आहे हे माहीत असूनही क्षणभर छातीत धस्स होत असे. आणि परीक्षेसाठी दुसऱ्याची भूमिका घेण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर शंकराचार्यांच्या चरित्रकथांत आहे. मंडनमिश्रांचा वादात पराभव झाल्यावर त्यांच्या विदुषी पत्नीने, उभयभारतीने, संन्याशाला गृहस्थजीवनाविषयी प्रश्न विचारले. ग्रंथ पाठ असूनही उत्तर देता येईना. तेव्हा आचार्यांनी मुदत मागून घेतली आणि अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला. जगल्यावाचून जे कळत नाही ते पुस्तकातून सांगावयाचे नाही, एवढा प्रामाणिकपणा त्या कथेत आहे. तिच्यात आणखीही एक गोष्ट आहे. आचार्यांचा मूळ देह शिष्यांनी गुहेत जपून ठेवला, आणि राजदेहात रमून परत येण्याचा विसर पडला तेव्हा त्यांना आठवणही शिष्यांनीच करून दिली. या राखणीकडे मी पुढे वळणार आहे, म्हणून ती ध्यानात असू द्यावी.

आता आमच्या वर्गात काय चालते ते सांगते. एक खोली, एक खाट, एक स्टूल. खाटेवर ‘रुग्ण’ म्हणून बसलेली बाई म्हणजे रुग्णालयात तीस-पस्तीस वर्षे आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या एक मावशी. शिक्षण इयत्ता तिसरीपर्यंत. परंतु आजारी माणूस कसा बोलतो, काय लपवितो आणि कशाने दुखावतो याचे त्यांना जे ज्ञान होते ते आमच्या ग्रंथालयात नव्हते. त्यांना प्रसंग दिलेला असे : वय पंचावन्न, मधुमेह, आजच इन्सुलिन सुरू करावयाचे आहे, घरी दोन मुलगे, एक सून, स्वयंपाक अजून स्वतःच्या हाती. विद्यार्थिनीने त्यांना आहार आणि सुई या दोन गोष्टी दहा मिनिटांत समजावून द्यावयाच्या.

वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी उठली. ती जे बोलली त्यात एकही चूक नव्हती. कर्बोदके, उष्मांक, सुई टोचण्याच्या जागा, जागा आलटूनपालटून घेण्याचे कारण, साखर एकदम उतरल्याची लक्षणे, सारे क्रमवार झाले. मावशी मान डोलवीत होत्या. दहा मिनिटे संपली. मी मावशींना विचारले, “काय कळले?” मावशी म्हणाल्या, “पोर लई हुशार आहे. पण भात खायचा का न्हाई, ते काय कळलं न्हाई बाई.”

वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही, आणि तेथेच तिचे शिक्षण सुरू झाले असे मी मानते. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच खाटेसमोर बसली. या वेळी तिने पहिला प्रश्न केला, “मावशी, तुमच्या घरी सकाळी काय शिजतं?” मावशींनी सांगितले. मग ताटातील भाताची मूद किती, भाकरी किती, भाजी किती, हे दोघींनी हातांनी मापून ठरविले. इन्सुलिनची गोष्ट निघाली तेव्हा मावशींनी मी शिकविलेलेच, परंतु आपल्या पदरचे काही घालून, वाक्य टाकले : “सुई लागली म्हंजे आता दिवस भरले, आमच्या शेजारणीचं तसंच झालं.” पुस्तकात या वाक्याचे उत्तर नाही. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “शेजारणीचं काय झालं ते मला आधी सांगा.” मला विचाराल तर तिच्या साऱ्या परिचर्या-शिक्षणातील सर्वांत मोलाचे वाक्य ते होते.

याउलट प्रयोगही आम्ही करीत असू. विद्यार्थिनीलाच रुग्ण करून ढकलगाडीवर उताणे निजवावयाचे आणि विद्यालयाच्या लांब ओसरीतून वीस मिनिटे फिरवावयाचे. दोघीजणी गाडी ढकलतात, तिच्या अंगावरून एकमेकींशी बोलतात, मध्येच कोठे तरी थांबवून निघून जातात. तिने प्रश्न विचारावयाचा नाही. नंतर प्रत्येकीने आपला अनुभव कागदावर लिहावयाचा. एकीने लिहिले होते की तिला सबंध वेळ केवळ छत, दिवे आणि माणसांच्या नाकपुड्या दिसत होत्या. दुसरीने लिहिले, “कोणी माझ्याबद्दल बोलत नव्हते, परंतु सर्वजण माझ्याबद्दलच बोलत आहेत असे वाटत होते.” रुग्णाशी आदराने वागावे हे मी कितीही व्याख्याने देऊन सांगितले असते, तरी हे वाक्य तिच्या लेखणीतून उतरले नसते.

तथापि प्रवेश संपला म्हणजे शिक्षण संपले असे ज्यांना वाटते त्यांनी ही पद्धत हाती घेऊ नये. खरे शिक्षण त्यानंतरच्या चर्चेत असते, आणि त्या चर्चेलाही शिस्त लागते. प्रथम जिने परिचारिकेची भूमिका केली तिने बोलावयाचे. आपले कोठे अडले हे तिचे तिलाच सर्वांत अधिक ठाऊक असते. मग रुग्णाने. मग पाहणाऱ्यांनी, आणि तेही ‘तू चुकलीस’ असे म्हणून नव्हे, तर ‘तू उठून उभी राहिलीस तेव्हा मावशी बोलायच्या थांबल्या’ असे जे डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगून. शिक्षकाने सर्वांच्या शेवटी. ही शेवटी बोलण्याची अट पाळणे मला फार कठीण गेले. कोणाही शिक्षकाला ते कठीणच जाते.

आता त्या राखणीची गोष्ट. एका वर्षी मी मूल दगावलेल्या आईचा प्रसंग ठेवला होता. आईची भूमिका कोण करील, असे विचारताच एक अबोल मुलगी पुढे आली. मला आनंद झाला. ही कधी बोलत नाही, आज बोलेल, एवढाच विचार मी केला. प्रवेश सुरू झाला आणि ती रडू लागली. वर्गाला वाटले, काय सुंदर अभिनय! मलाही दोन मिनिटे तसेच वाटले. ते रडणे थांबेना तेव्हा कळले की आदल्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता, आणि आईला ती बातमी हिनेच दिली होती. मी कोणालाही काही विचारले नव्हते. तिला त्या भूमिकेतून कसे परत आणावयाचे याचाही विचार मी केला नव्हता. शिष्यांनी गुरूचा देह राखला; येथे मी गुरू असून शिष्येची राखण केली नाही. त्या दिवसापासून तीन नियम केले. प्रसंग आदल्या दिवशी वाचून दाखवावयाचा. नको असेल तिने कारण न सांगता नको म्हणावयाचे. आणि प्रवेश संपताच भूमिका करणारीने जागेवरून उठून, डोक्यावरचा पदर किंवा गळ्यातील पट्टी काढून, मोठ्याने आपले स्वतःचे नाव उच्चारावयाचे. नाव उच्चारण्याची गोष्ट पोरकट वाटेल. परंतु ती मुलगी नंतर मला म्हणाली की मला कोणी त्या वेळी माझ्या नावाने हाक मारली असती तर मी थांबले असते.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगते. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरेनो १९२५ साली अमेरिकेत गेले, आणि मनोरुग्णांच्या उपचारासाठी त्यांनी नाट्याचा उपयोग रूढ केला. भूमिका घेणे व भूमिकांची अदलाबदल करणे या गोष्टींना शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय बरेचसे त्यांच्याकडे जाते. आमच्या वैद्यकीय क्षेत्रात मात्र मानाचे नाव हॉवर्ड बॅरोज यांचे. हे मज्जातंतूंच्या रोगांचे तज्ज्ञ. तरुणपणी ते न्यूयॉर्कमध्ये असताना परीक्षांसाठी खरे रुग्ण आणीत, आणि एकेका रुग्णाला दिवसभर कितीतरी परीक्षार्थी तपाशीत. अशाच एका रुग्णाने त्यांना नंतर सांगितले की एक परीक्षार्थी फार आडदांडपणे वागला, म्हणून मी त्याला माझी लक्षणे बदलून दाखविली! परीक्षार्थ्याला बिचाऱ्याला हे कधीच कळले नसेल. बॅरोज मात्र या कबुलीतून दोन गोष्टी शिकले : निरोगी माणूसही रोगाची लक्षणे शिकून हुबेहूब दाखवू शकेल, आणि डॉक्टर कसा वागला याचा सर्वांत चांगला साक्षीदार खाटेवर असतो.

१९६३ साली लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका स्त्रीला पांगळेपण आलेल्या रुग्णेची भूमिका शिकविली. विद्यार्थ्यांनी तपासावयाचे, आणि तिने नंतर टिपण भरावयाचे. पुढल्या वर्षी बॅरोज आणि त्यांचे सहकारी अब्राहमसन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी याची थट्टाच अधिक झाली. हॉलिवूड जवळ असल्याचा परिणाम, असे म्हणण्याची संधी वृत्तपत्रांनी दवडली नाही. परंतु १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील प्राध्यापक रोनाल्ड हार्डेन यांनी एक नवीन परीक्षा सुचविली. ओळीने अनेक टेबले मांडावयाची, प्रत्येक ठिकाणी वेगळे काम द्यावयाचे, घंटा झाली की विद्यार्थ्याने पुढच्या टेबलाकडे जावयाचे, आणि प्रत्येक ठिकाणी आधी छापलेल्या सूचीप्रमाणेच गुण द्यावयाचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ऑस्की’ म्हणतात. तिच्या काही टेबलांवर बॅरोज यांचे शिकवून तयार केलेले रुग्ण येऊन बसले आणि भूमिकाभिनय ही परीक्षेची वस्तू झाली.

आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांच्या मुली परिचारिका होऊन इंग्लंडला गेल्या त्यांना हा शब्द नवीन नाही. परदेशात शिकलेल्या परिचारिकेला ब्रिटनमध्ये नोंदणी हवी असेल तर २०१४ पासून तेथे जाऊन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्याकडेही एम. बी. बी. एस.च्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संभाषण यांचे शिक्षण सर्व वर्षांत घातले गेले, आणि परिचर्येच्या पदवीच्या २०२१ पासूनच्या अभ्यासक्रमात ऑस्की आली. शाळांच्या बाबतीत एक योगायोग सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी संसदेचे कामकाज स्वतः सभासद, मंत्री, सभापती होऊन करून पाहावे, या कल्पनेला सरकारने उत्तेजन द्यावे, अशी शिफारस १९६२ साली आपल्या मुंबईतच भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने केली. त्यानंतर १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत युवा संसदेची योजना सुरू झाली. विरोधी पक्षाच्या बाकावर बसावे लागलेला मुलगा घरी आल्यावर वडिलांशीही थोड्या शिस्तीने वाद घालू लागतो, असा अनुभव एका पालकांनी मला सांगितला. तो लाभ की हानी हे पालकांनी ठरवावे.

येथवर मी गोडवेच गायिले. परंतु शिकविणे ही एक गोष्ट आणि परीक्षा घेणे ही दुसरी. शिकताना चूक झाली तर ती शिक्षणाची सामग्री असते. परीक्षेत तीच चूक एखादीचे वर्ष घेते. म्हणून भूमिकाभिनयाला गुण देताना परीक्षकाचा हात थरथरावयास हवा, असे माझे मत आहे.

पहिला धोका पाठांतराचा. जेथे सूची असते तेथे सूचीचे गाईडही निघते. “मला तुमचे दुःख समजते” या वाक्याला एक गुण आहे असे कळताच प्रत्येक विद्यार्थिनी ते वाक्य बोलू लागली. पायाला फोड आलेल्या माणसालाही आणि मुलगा गेलेल्या बाईलाही, त्याच सुरात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. सहानुभूतीचे सोंग मात्र फार सहज आणता येते हे मी पाहिले आहे. याला उपाय एकच सापडला : सूचीचे गुण काही, आणि ‘या बाईकडे मी पुन्हा जाईन काय?’ या प्रश्नावर रुग्णाची भूमिका करणाऱ्याने दिलेले गुण काही. पाठ केलेले वाक्य मावशींना फसवू शकत नसे.

दुसरा धोका खर्चाचा. अमेरिकेत २००४ पासून प्रत्येक वैद्यकीय पदवीधराला अशी भूमिकारूप परीक्षा सक्तीची होती. ती त्या देशातील पाचच शहरांत होई, शुल्क हजार डॉलरांच्या वर असे, आणि आपल्या मुलांना तर तेवढ्यासाठी विमानाने जावे लागे. २०२० च्या साथीत ती स्थगित झाली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची रद्द झाली. कॅनडातील १९९२ पासूनची तशीच परीक्षाही २०२१ मध्ये बंद पडली. ज्या परीक्षेला बसण्यासाठीच बापाला कर्ज काढावे लागते ती परीक्षा विद्यार्थ्याबरोबर त्याच्या बापाच्या पतीचीही असते.

तिसरा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्यात मी स्वतः अपराधी आहे. आमच्या सूचीत एक कलम होते : ‘रुग्णास योग्य प्रकारे संबोधते : गुण दोन’. एका आडगावातून आलेली, मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी परीक्षेला आली. खाटेजवळ जाऊन तिने मावशींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आजे, सूज कंदीपासनं हाय गं तुला?” मी त्या कलमापुढे शून्य लिहिले. ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ नाही, शुद्ध भाषा नाही. शून्याखेरीज काय लिहिणार? भाषेच्या आणखी एका कलमातही मी तिचे गुण कापले. आमच्या दुसऱ्या परीक्षिकेचे मत माझ्यासारखेच होते, म्हणून मला शंकाही आली नाही.

सायंकाळी गुणांची बेरीज करताना मावशींचा कागद पाहिला. त्यांना लिहिता येत नसे. त्या हसरा, गप्प किंवा रडका असा चेहरा काढीत. त्या दिवशी बावीस विद्यार्थिनींत त्यांनी हसरा चेहरा एकीलाच दिला होता. मी त्यांना बोलावून म्हटले, “अहो मावशी, ही तुम्हांला ‘अगं-तुगं’ करीत होती.” मावशी म्हणाल्या, “बाई, बाकीच्या एकवीसजणी मला पेशंट म्हनाल्या. हिनं आजी म्हटलं. आमच्याकडं आजीला अहो कोन म्हनतं?”

मी काय मोजीत होते, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना. रुग्णाला दिलेला आदर मोजीत होते, की माझ्या घरातील आदराची भाषा मोजीत होते? ज्या घरांत ‘आपण’ बोलले जाते त्या घरच्या मुलीला ते दोन गुण जन्मतःच मिळाले होते; या मुलीला ते मिळविता येणारच नव्हते. दोन परीक्षिकांचे मत जुळले ते आम्ही दोघी निःपक्षपाती होतो म्हणून नव्हे. आम्ही दोघी एकाच प्रकारच्या घरांतून आलो होतो म्हणून. त्या मुलीचे गुण प्राचार्यांच्या अनुमतीने दुसऱ्या दिवशी सुधारले गेले, ती उत्तीर्ण झाली. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांतील किती जणींना मी शून्य दिले होते याचा हिशेब आता कोणाला लागणार? पुढील वर्षापासून सूची करताना मावशींना आम्ही मंडळात बसविले, आणि ते कलम असे झाले : ‘रुग्णास स्वतःच्या माणसासारखे अथवा पाहुण्यासारखे संबोधते, वस्तूसारखे नाही.’ परीक्षकही एक शहरातील आणि एक बाहेरगावची, असे नेमू लागलो.

एवढे सांगून मी आपल्या संस्थेकडे वळते. चिटणीसांनी मला तशी मोकळीक दिली आहे.

आरंभी मी म्हटले की माझे शिक्षण या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर झाले. तिच्यासाठी मुलाखत झाली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. वडील माझ्याबरोबर आले होते. टेबलाच्या पलीकडे पाच खुर्च्या होत्या. अलीकडे एक होती, ती मला दिली गेली. वडील उभे राहिले. पाचांपैकी कोणीही वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रश्नही साधेच विचारले : उत्पन्न किती, कर्ज कोणते, मुलीच्या लग्नाचा विचार आहे की नाही, असला तर शिक्षणावर हा खर्च कशाला. वडिलांनी प्रत्येक उत्तराला ‘जी’ म्हटले. शिष्यवृत्ती मिळाली. परतताना वडील एस. टी.त एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतर या संस्थेच्या कोणत्याही समारंभाला ते कधी आले नाहीत. मी कितीदा आग्रह केला. “तुझं काम झालं ना,” एवढेच ते म्हणत.

ज्यांनी ते प्रश्न विचारले त्यांना वडील दुखावले गेल्याचे कधी कळले नाही. कळणार तरी कसे? त्यांनी टेबलाची एकच बाजू पाहिली होती.

या वर्षी शिष्यवृत्ती समितीत काम करण्याविषयी मला विचारणा झाली. मी एक अट घातली, आणि समितीच्या सभासदांनी ती मोठ्या मनाने मान्य केली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढील महिन्यात अर्जदारांच्या मुलाखती आहेत. त्यापूर्वी समितीच्या प्रत्येक सभासदाने एकदा अर्जदाराच्या बापाची किंवा आईची भूमिका करावयाची, आणि आज ज्या विद्यार्थ्यांचा गौरव झाला त्यांपैकी तिघांनी टेबलापलीकडे बसून त्यांना प्रश्न विचारावयाचे. प्रश्न नेहमीच्याच छापील पत्रकातील. त्यांत एकही शब्द बदलावयाचा नाही. खुर्च्या मात्र नेहमीप्रमाणेच मांडावयाच्या : पलीकडे पाच, अलीकडे एक. नंतरच्या चर्चेत सभासदांनी प्रथम बोलावयाचे, विद्यार्थ्यांनी मग, आणि मी शेवटी. कोणत्याही सभासदाला एखादा प्रसंग नको असेल तर त्यांनी कारण न सांगता तसे म्हणावे.

पहिल्या फेरीसाठी स्वतः अध्यक्षमहाराजांनी नाव दिले आहे. त्यांना दिलेला प्रसंग असा : पतीच्या निधनानंतर शिवणकाम करून घर चालविणारी स्त्री; मुलाला बारावीत बासष्ट टक्के; अर्ज मुदतीनंतर चार दिवसांनी आला आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, कार्यालयाच्या वरच्या खोलीत. तिघा विद्यार्थ्यांनी समारंभ संपल्यावर पत्रकाच्या प्रती माझ्याकडून न्याव्यात.